बुश गेलाय

जानेवारीतली गोष्ट आहे. रात्रीचे पावणेदहा वगैरे झाले असतील, एका लग्नाच्या व्हिडिओचं एडिट संपवून मी ते रेंडरला, म्हणजे पीसीला अंतिम व्हिडिओ तयार करायला, लावलं होतं, कानाला हेडफोन, आणि आप्पा नेहमीसारखे जेवण करून माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसले होते. हे रोजचंच होतं. यायचे, पाच-सात मिनिटं बसायचे, मी काही बोललो की "हं" म्हणायचे आणि उठून हॉलमध्ये निघून जायचे. आई गेल्यावर त्यांना इचलकरंजीहून पुण्याला आणलं त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी मनाशी पक्कं धरलं होतं की त्यांना इथे करमत नाही, गाव सुटलं, माणसं सुटली, आता बोलावंसंच वाटत नसेल.

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी मागेच मेलेली, त्यामुळे पीसी खाडकन बंद, सत्तर टक्क्यांपर्यंत आलेलं रेंडर पाण्यात. मी चिडून हेडफोन काढले, मोबाईल चाचपडतोय, आणि अंधारातून आप्पांचा आवाज आला, "आता कसं बरं वाटलं."

म्हटलं, काय बरं वाटलं आप्पा?

"तुझी पेटी थांबली न्हवं. लई घरघरती रं. डोक्यात जातंय बघ."

आणि मग लाईट येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाऊण तास, ते बोलत बसले. शेजारच्या मळ्यातल्या विहिरीबद्दल, आईला पहिल्यांदा घेऊन दिलेल्या शिलाई मशीनबद्दल, कशाकशाबद्दल. मी हळू आवाजात विचारत होतो आणि त्यांना सगळं कळत होतं. दोन वर्षांत एवढं बोलणं आमचं झालं नव्हतं. लाईट आली, मी सवयीने पीसीचं बटण दाबलं, मागून घर्रर्र सुरू झालं आणि पाच मिनिटांत आप्पा उठून गेले. तेव्हा मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. म्हणजे खरंच ऐकू आला, कारण हेडफोन काढलेले होते आणि आता मी आप्पांच्या जागेवरून ऐकत होतो.

आप्पा जॉबर होते. इचलकरंजीबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, यंत्रमागाच्या मेस्त्रीला तिकडे जॉबर म्हणतात. माग बिघडला, ठोका चुकला, धोटा (आडवा धागा नेणारा) उडायला लागला की जॉबरला हाक. चाळीसेक वर्षं त्यांनी शेडमध्ये काढली. ज्यांनी चालू शेड आतून बघितलेली नाही त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही, ९० डेसिबलच्या वरचाच असतो, शेजारी उभ्या माणसाशी ओठांनी आणि हातवाऱ्यांनी बोलतात. त्या गदारोळात आप्पा दारातून आत पाऊल टाकल्या टाकल्या सांगायचे की तिकडच्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या मागाचं काहीतरी बिनसलंय. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. आणि त्याच शेडने त्यांचे कान खाल्ले.

पुण्यात आल्यावर कानाची तपासणी केली तेव्हा ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आलेख दाखवला होता, खालच्या पट्टीत बरा आणि ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात गेलेला. सतत मोठ्या आवाजात काम केलेल्यांचं असंच होतं म्हणाल्या. जाड, खर्जातले आवाज बऱ्यापैकी येतात, स, श, फ, थ असली बारीक व्यंजनं जातात. म्हणून आप्पांना कुणीतरी बोलतंय हे कळतं पण काय बोलतंय ते कळत नाही. सहा आणि दहा त्यांना एकच. ही "सहा वाजता निघायचंय" म्हणाली की ते मान डोलावणार आणि दहाच्या तयारीने बसणार, मग घरात चिडचिड.

मशीन घेतलं. कानामागे बसणारं, नारिंगी स्टिकरच्या बटण सेलवर चालणारं. आणि मी समजलो, काम झालं. पण मशीन सगळंच मोठं करतं. ताटवाट्या, नळ, रस्ता, आणि माझा पंखा. बाईंना नंतर मुद्दाम फोन करून विचारलं तेव्हा त्यांनी नीट समजावलं. एकसुरी आवाज डिजिटल मशीन ओळखतं आणि जरा दाबतं, पण चढउतार होणारी खरखर असेल तर त्याला ते बोलणंच वाटतं आणि ते त्याला पुढे करतं. शिवाय जाड आवाजाचा स्वभाव असा की तो त्याच्या वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. म्हणजे आप्पांच्या कानात जी थोडीफार स आणि श उरली होती त्यांच्यावर माझा पीसी रोज रात्री पांघरूण घालत होता. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. माणूस रोज माझ्याजवळ येऊन बसत होता आणि मी त्याला उठवून लावत होतो, न बोलता, मागच्या मागे.

मग ठरवलं, काही झालं तरी हा आवाज घालवायचा.

पीसी तसा माझ्या पोटापाण्याचा. २०१८ साली असेंबल करून घेतलेला, आय फाईव्ह ८४०० प्रोसेसर, सहा कोअर, रेंडरला लावला की सहाही कोअर शंभर टक्के. मला वाटत होतं की दोष प्रोसेसरवरच्या कंपनीने दिलेल्या छोट्या पंख्याचा, कारण आवाज तिथूनच येतोय असं वाटायचं. तीन हजाराचा मोठा कूलर मी कार्टमध्ये टाकूनही ठेवला होता. रविवारी सकाळी कॅबिनेट टेबलावर आडवं न करता उभंच ठेवून बाजूचा पत्रा काढला, चालू केलं, आणि कान लावून बसलो. पण पत्र्याच्या पेटीत आवाज फिरतो, नक्की कुठून येतोय ते काही लक्षात येईना. गॅरेजवाले लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावतात तसंही केलं, सगळीकडून सारखंच.

आप्पा चहाचा कप घेऊन दारात उभे राहून बघत होते. मग आत आले, कप खाली ठेवला, मशीन कानातून काढून खिशात टाकलं. मला कळेना, मशीन काढून ऐकणार कसं? त्यांनी ऐकलंच नाही. तळहात कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवला, थोडा वेळ तसाच, मग बाजूला, मग मागच्या जाळीवर दोन बोटांची टोकं टेकवली. डोळे मिटलेले. शिलाई मशीनवर आई कापड सरकवायची तशी बोटं हळूहळू सरकत होती. जाळीच्या वरच्या डाव्या स्क्रूपाशी थांबली.

"ह्यो नव्हं. ह्यो मागचा. बुश गेलाय ह्येचा."

मी आतून मागच्या पंख्याच्या मधल्या गोल भागावर, पात्यांना नाही, बोट अलगद दाबून तो सेकंदभर थांबवला. घरघर गायब. बोट काढलं, परत हजर. दोन-तीनदा करून बघितलं. प्रोसेसरचा पंखा बिचारा निर्दोष होता, म्हणजे त्याचाही थोडा आवाज होता पण ती नुसती हवेची सूं होती. दुखणं होतं कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या १२० मिलिमीटरच्या पंख्याचं, ज्याच्याकडे सात वर्षांत मी एकदाही बघितलं नव्हतं.

स्वस्त पंख्यात बॉल बेअरिंग नसतं, बुश असतं. पितळेसारख्या धातूची भुकटी दाबून केलेली छोटी नळी, सच्छिद्र, तिच्या छिद्रांत तेल मुरवलेलं असतं आणि त्या तेलावर पंख्याचा दांडा फिरतो. वर्षानुवर्षं उष्णतेने तेल सुकतं, धूळ जाते, मग धातूवर धातू घासतो, नळीचं भोक लंबगोल होतं आणि दांडा त्यात खडखडायला लागतो. सकाळी थंडीत उरलंसुरलं तेल घट्ट असतं म्हणून चालू केल्या केल्या आवाज जास्त, तापल्यावर जरा कमी, हे मी कित्येक महिने बघत होतो आणि "गरम झाला की सुधारतो" म्हणून सोडून देत होतो. आप्पांच्या हिशोबात हा आजार पहिल्या दिवशी ओळखण्यासारखा आहे. मागाला तर असले बुश जागोजागी, आणि जॉबरच्या हातात कायम तेलाची कुपी.

शेजारचे काका डोकावले होते, ते म्हणाले दोन थेंब खोबरेल सोडा. आप्पांनी मान हलवली. खोबरेल २४ अंशाच्या खाली गोठायला लागतं, पुण्यात जानेवारीत सकाळी बाटली ऊन्हात ठेवावी लागते, तेच पंख्याच्या आत होणार. मग त्यांनीच कपाटातून आईच्या शिलाई मशीनचं तेल काढलं. मशीन विकलं नव्हतं, इचलकरंजीहून येताना ते आणि त्याचा डबा बरोबर आणला होता, डब्यात बॉबिनं, खडू आणि ही प्लास्टिकची चपटी कुपी, निम्मी भरलेली.

पंख्याचे चार स्क्रू काढले. मागच्या बाजूला मधोमध गोल स्टिकर असतो, तो नखाने पूर्ण न काढता अर्धाच उचलायचा. खाली दांड्याचं टोक दिसलं, त्याभोवती पांढरं प्लास्टिकचं चिरलेलं वायसर आणि कडेने काळा चिकट मळ. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्यापाशी धरला, काडीला कापूस गुंडाळून मळ पुसला, तीन काड्या लागल्या. मग पातं बोटाने फिरवलं, दोन फेऱ्यांत थांबलं. एक थेंब तेल. थांबले. ते आत उतरताना दिसत होतं, चकाकणारा ठिपका हळूहळू बारीक होत गेला. दुसरा थेंब. पातं सावकाश फिरवत राहिले, दोन्ही बाजूंनी. नंतर टिचकी मारली तर पंखा फिरतच राहिला, आम्ही दोघं बघत बसलो. "बघ, कसा पळतोय." स्टिकरच्या खालचं तेल मात्र कोरडं पुसावं लागतं, नाहीतर तो परत चिकटत नाही आणि तेल बाहेर उडतं.

त्या हातासरशी बाकी साफसफाईपण झाली. सिंहगड रोडवर पुलाचं काम चाललं होतं त्या काळातली धूळ आणि स्वयंपाकघरातला फोडणीचा धूर एकत्र होऊन प्रोसेसरवरच्या कूलरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये घोंगडीसारखा थर बसला होता, चिमटीत धरून सोलता आला. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, मागे पालीच्या अंड्यांची दोन पांढरी टरफलं सापडली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती हाताने धरून ठेवा, नाहीतर हवेने ती भलत्या वेगाने फिरतात आणि चांगलं बेअरिंगही जातं. कूलर उतरवला, त्याच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायच्या. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारा लेप, वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती, तापतं त्याचं कारण निम्मं तिथे होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवीन लावली. बसवताना चारही खुंट्या टक् वाजून बसल्या का ते मदरबोर्डच्या मागून बघा, एक जरी अर्धवट राहिली तर तापमान चढतं, पंखा जोरात फिरतो आणि आपण दोष पंख्याला देतो. रेंडरमध्ये ८८ अंशाला जाणारा प्रोसेसर त्या रात्री ७१ वर थांबला.

आवाज गेला होता. पण तेल घालतानाच आप्पा म्हणाले होते, "म्हैनाभर चालंल." भोक लंबगोल झालंय म्हटल्यावर तेल फक्त फट भरतं, झीज भरत नाही. बरोबर साडेतीन आठवड्यांनी घरघर परत आली, आणि मला न सांगता आप्पा परत हॉलमध्ये बसायला लागले.

मग तपकीर गल्ली. पुण्यातल्या माणसाला इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही बारीकसारीक हवं असलं की पाय तिकडेच वळतात. दुकानदार रंगीत दिव्यांचा पंखा दाखवत होता, मी म्हटलं मला अंधार आणि शांतता पाहिजे, फ्लुइड बेअरिंगचा चार पिनांचा द्या. या बेअरिंगमध्ये दांड्याभोवती तेलाची फिल्म फिरण्याच्या दाबानेच टिकून राहते, म्हणून ते शांतही असतं आणि टिकतंही. दोन घेतले, एक मागे एक पुढे, दीड हजाराच्या आत आले. स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या मिळाल्या त्या लावल्या, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्याला लागत नाही. हा खर्च माझ्या मते सगळ्यात सार्थकी लागला, पत्र्याचं कॅबिनेट म्हणजे ढोल असतो.

चार पिनांचं महत्त्व मला जुनी वायर काढताना कळलं. जुना पंखा मदरबोर्डला जोडलेलाच नव्हता, मोठ्या मोलेक्स वायरने थेट एसएमपीएसला, म्हणजे सात वर्षं तो हिवाळा असो उन्हाळा असो, टायपिंग असो की रेंडर, १२ व्होल्टवर पूर्ण वेगात पळत होता. त्याला हळू हो असं सांगायला वायरच नव्हती. कुणीही असेंबल करून घेतलेलं मशीन असेल तर हे एकदा उघडून बघाच. तीन पिनांच्या पंख्याला मदरबोर्ड व्होल्टेज कमी करून हळू करू शकतो, आणि चार पिनांच्याला चौथ्या तारेतून २५ किलोहर्ट्झचे इशारे जातात, माणसाला २० च्या वरचं ऐकू येत नाही म्हणून ते इतके वर ठेवलेत.

वेग कमी करण्यात जी ताकद आहे ती दुसऱ्या कशातच नाही. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि कानाला १० डेसिबल कमी म्हणजे जवळजवळ निम्मा आवाज. म्हणूनच लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणं चांगलं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन मी ६० अंशांपर्यंत पंखे ३५ टक्क्यांवर ठेवले, पुढे चढ हळूहळू. एक गोष्ट मात्र तिथे चुकली होती. प्रोसेसरचं तापमान साधा ब्राउझर उघडला तरी सेकंदात दहा अंश उडी मारतं आणि लगेच खाली येतं, त्याच्या मागे पंखाही सूंऽऽ करून चढायचा आणि उतरायचा, चढायचा आणि उतरायचा. आप्पांच्या कानातल्या मशीनला बोलणं वाटतो तो नेमका असाच चढउताराचा आवाज. पंख्याने वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबावं अशी सेटिंग असते, ती वाढवली आणि ते बंद झालं.

वाटलं झालं. दोन दिवसांनी आप्पा म्हणाले, "लांब कुटं भोंगा वाजतोय का रं?" मला काहीच ऐकू येत नव्हतं, हिलाही नाही. रात्री एक वाजता सगळं शांत झाल्यावर कान दिला तेव्हा कळलं, अगदी खोल, लाटेसारखं वूं... वूं... वूं. दोन्ही पंखे एकाच जातीचे, एक मिनिटाला १००० फेऱ्यांवर आणि दुसरा १०३० वर फिरत होता. सात पाती धरली तर एकाचा सूर ११७ हर्ट्झच्या जवळ आणि दुसऱ्याचा १२० च्या, आणि दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र आले की त्यांच्यातल्या फरकाएवढ्या लाटा ऐकू येतात, सेकंदाला तीन-चार. तंबोरा लावताना जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की जी थरथर येते तीच ही. आप्पांच्या कानात खर्ज शाबूत आहे, म्हणून आम्हाला न येणारा आवाज त्यांनी पकडला. पुढचा पंखा ८०० वर आणला. दुसऱ्या दिवशी विचारलं, भोंगा? मान हलवली, नाही.

मोबाईलच्या आवाज मोजायच्या ॲपवर आधी ५१ डेसिबल दाखवत होतं, आता ३६ दाखवतंय. ॲप फार अचूक नसतं पण आधीचं-नंतरचं ताडून बघायला पुरतं. एप्रिलमध्ये मला धाकधूक होती, कारण खोलीचं तापमान जेवढं वाढतं तेवढंच प्रोसेसरचंही वाढतं, ४० अंशाच्या दिवसात काही मिळवलेलं टिकेल का. रेंडरमध्ये ८२ पर्यंत गेला, पंखे थोडे चढले, पण घरघर नाही. दिवसा सीलिंग फॅनचा आवाज असतोच, तो उन्हाळ्यात बंद ठेवता येत नाही, म्हणून बोलणं आमचं रात्री टेबल फॅन लांब ठेवून.

आप्पा आता साडेनऊला येतात आणि बसतात. मी हेडफोन बाजूला ठेवतो, रेंडर चालू असताना तसंही ऐकण्यासारखं काही नसतं. त्यांच्या उस्तादाबद्दल मला गेल्या महिन्यात पहिल्यांदा कळलं, तो मिटल्या डोळ्यांनी मागावर हात ठेवायला लावायचा आणि चुकलं की पाठीत धपाटा घालायचा. बसल्या बसल्या मधेच हात लांब करून ते कॅबिनेटला तळवा टेकवतात, ताप बघितल्यासारखा. "चालू हाय का बंद?" विचारतात. चालू आहे आप्पा, चाळीस टक्के झालंय.

परवा तळवा जरा जास्त वेळ ठेवला. खालच्या बाजूला, एसएमपीएसपाशी. आता त्याचा पंखा. तो मी उघडणार नाही, वीज काढून टाकली तरी त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो, ती पेटी तशीच बदलायची असते. येत्या शनिवारी तपकीर गल्लीत जायचं ठरवलंय. आप्पा म्हणाले, मीपण येतो, दुकानात चालू करून दावायला सांग, घ्यायच्या आधी हात लावून बघतो.